आरासाकची फुकट चित्रं आणि स्वयंसेवकांचं टेबल: कुठे कामाला येतात, कुठे अडतात

धान्याचे किट भरायच्या टेबलावर बौद्धिक अक्षमता असलेले स्वयंसेवक येणार म्हटलं की बऱ्याच संस्था सगळं काम तोंडी समजावून सांगतात. पहिल्या दोन गोष्टी लक्षात राहतात, तिसरीला माणूस अडतो, आणि मग त्याच्याकडे नुसत्या पिशव्या उघडून द्यायचं काम येतं. सहा महिने तेच. खरं तर अडलेलं काम हातांमुळे अडलेलं नसतं. सूचना कानावर पडून निघून गेलेली असते आणि परत विचारायचा संकोच असतो. हीच सूचना चित्रांच्या पट्टीवर समोर असली, तर स्वयंसेवक हवी तेव्हा, हवी तितक्या वेळा ती पाहू शकतात. अशा पट्ट्या बनवायला आरासाक हा चित्रसंग्रह कितपत उपयोगी आहे, ते इथे तपशिलात लिहितो आहोत.

आरासाक हा स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारने चालवलेला चित्रचिन्हांचा संग्रह आहे. २००७ पासून तो लोकांना खुला आहे. चित्रं सर्जिओ पालाओ यांनी काढलेली आहेत आणि मालकी आरागॉन सरकारकडे आहे. दहा हजारांहून जास्त चिन्हं, तीही रंगीत आणि काळी-पांढरी अशा दोन्ही रूपांत. मुळात ही चित्रं बोलता न येणाऱ्या किंवा बोलायला अडचण असणाऱ्या व्यक्तींच्या संवादासाठी काढली गेली. कामाच्या पट्ट्या हा त्यांचा पुढचा उपयोग, आणि संग्रहाच्या खुब्या-खोडी या मूळ हेतूतूनच आलेल्या आहेत.

वापरायला संकेतस्थळ सोपं आहे. शोधचौकटीत साधं इंग्रजी क्रियापद टाकावं: घेणे, आत ठेवणे, घडी घालणे, चिकटवणे, बंद करणे यांचे इंग्रजी शब्द. नामापेक्षा क्रियापदाने शोधलं तर कामाची चित्रं लवकर हाती लागतात. चित्र उघडल्यावर ते बदलायची सोय आहे: त्वचेचा आणि केसांचा रंग, भोवतीची चौकट, पार्श्वभूमीचा रंग, अनेकवचनाची खूण, भूत-भविष्यकाळाचे बाण, नकारासाठी फुली. यातल्या दोनच गोष्टी टेबलावर लागतात. त्वचा-केसांचा रंग आधी बदलून घ्यावा. सगळ्या पट्टीवर एकच माणूस दिसला पाहिजे, नाहीतर काही स्वयंसेवकांना प्रत्येक चित्र म्हणजे वेगळ्या माणसाचं काम वाटतं. दुसरी गोष्ट चौकट. काळी, जाड, सगळ्या कार्डांना सारखी. काळाचे बाण आणि अनेकवचनाची खूण भाषा शिकवताना उपयोगाची. कामाच्या कार्डावर ती नुसती गर्दी करते.

फुलीबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण सर्वात जास्त चुका इथे होतात. “तेलाच्या पिशवीवर वजन ठेवू नका” हे दाखवायला लोक तेल आणि वर वजन असं चित्र घेतात आणि त्यावर लाल फुली मारतात. पाहणाऱ्याला आधी चित्र दिसतं, फुली नंतर. कित्येकदा फुली दिसतच नाही, आणि जे करू नये तेच नीट करून ठेवलेलं सापडतं. दोष पाहणाऱ्याचा नाही, कार्डाचा आहे. नकार चित्रात मावत नाही. त्यामुळे जे करायचं आहे तेच काढावं: आधी मीठ, मग तेल. फुलीची सोय आहे म्हणून ती वापरायची असं नाही.

आता संग्रहाची खरी मर्यादा. क्रियांची चित्रं उत्तम आहेत. हात दिसतात, वस्तू दिसते, हालचाल कळते, रेषा जाड आहे आणि पाच सेंटिमीटरच्या कार्डावरही ती ठळक राहते. वस्तूंची चित्रं मात्र आपल्या टेबलावर तितकी चालत नाहीत. तूरडाळ, मूगडाळ आणि हरभराडाळ यांतला फरक डाळीच्या एका चित्रचिन्हात येत नाही, येऊही शकत नाही. पैशांची चित्रं युरोची, जेवणाच्या ताटात काटा-चमचा, शौचालय म्हणजे कमोड. यावर आमचा ठाम सल्ला आहे: क्रियापद आरासाकमधून घ्यावं, नाम मोबाइलच्या फोटोतून. “घ्या” याला चित्रचिन्ह, “तूरडाळ” याला त्या दिवशी टेबलावर असलेल्या पाकिटाचा फोटो. दोन्ही एकाच कार्डावर शेजारी-शेजारी.

फोटो काढताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पाठीमागे पांढरा कागद. वस्तू चौकट भरून राहील इतक्या जवळून. आणि कोन स्वयंसेवकाच्या खुर्चीतून दिसतो तोच. उभं राहून वरून काढलेला फोटो बसलेल्या माणसाला वेगळीच वस्तू वाटू शकतो. फोटोची एक खोडही आहे. देणगीत पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची डाळ आली, पाकीट पिवळ्याचं हिरवं झालं, की जुना फोटो दिशाभूल करायला लागतो. म्हणून फोटोची कार्डं वेल्क्रोने लावावीत, म्हणजे तेवढंच कार्ड बदलता येतं. चित्रचिन्हाची कार्डं वर्षानुवर्षं तीच राहतात, आणि राहिली पाहिजेत. एका टेबलावर “ठेवा”चं एक चित्र आणि दुसऱ्या टेबलावर दुसरं, असं झालं की टेबल बदलणाऱ्याला सगळं पुन्हा शिकावं लागतं. शोधात एका शब्दाला पाच-सहा चित्रं निघतात, त्यामुळे हे सहज घडतं. संस्थेने आपली पंधरा-वीस क्रियापदं एकदा ठरवून एका फोल्डरमध्ये ठेवावीत आणि सगळ्यांनी तिथूनच घ्यावीत.

चित्र निवडताना समन्वयकाने स्वतःला काय पटतं ते पाहू नये. तीन पर्याय छापावेत, स्वयंसेवकांसमोर एकेक ठेवावा आणि विचारावं, “यात काय चाललंय?” “हे पिशवी भरायचं चित्र आहे ना?” असं विचारलं तर उत्तर जवळपास नेहमी “हो” येईल. समोरच्याला बरं वाटावं म्हणून होकार देण्याची सवय बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक मोठ्या माणसांना लहानपणापासून लागलेली असते, कारण “नाही” म्हटल्यावर रागावणारेच जास्त भेटलेले असतात. त्यामुळे हो-नाही उत्तराचा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. प्रश्न विचारून दहा सेकंद गप्प बसावं. दहा सेकंद फार लांब वाटतात, पण उत्तर बऱ्याचदा आठव्या-नवव्या सेकंदाला येतं. मध्येच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, तर ऐकणाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता प्रत्यक्ष टेबल. समजा किटमध्ये २ किलो तांदूळ, तूरडाळ, साखर आणि मीठ प्रत्येकी १ किलो, तेलाची १ लिटरची पिशवी आणि २५० ग्रॅम चहा आहे. कार्डं करण्याआधी एकाने हे किट प्रत्यक्ष भरावं आणि दुसऱ्याने हात काय करतायत ते लिहावं. एका पायरीत एकच क्रियापद. पहिल्यांदा लिहिताना अठरा-वीस पायऱ्या निघतात: तांदूळ घ्या, पिशवीत ठेवा, डाळ घ्या, पिशवीत ठेवा… एवढ्या लांब पट्टीत नजर हरवते आणि एखादं पाकीट दोनदा पडतं. अशा वेळी आणखी कार्डं करू नयेत. कामाची मांडणी बदलावी.

ती मांडणी अशी. साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरच्या फ्लेक्सवर किंवा पुठ्ठ्यावर सहाही वस्तूंच्या खऱ्या मापाच्या रेघा आखाव्यात, आत त्या वस्तूचा फोटो. स्वयंसेवकांनी आधी हा तक्ता भरायचा. सगळ्या रेघा झाकल्या म्हणजे किट पूर्ण. रिकामी जागा लांबूनही दिसते, मोजावं लागत नाही. मग तक्त्यावरून पिशवीत. एवढं केलं की पट्टी सात कार्डांवर येते: तक्ता भरा, रिकामी जागा पाहा, पिशवी बादलीत उभी करा, वस्तू पिशवीत भरा, वजन करा, गाठ मारा, क्रेटमध्ये ठेवा.

बादली का? सुटी पिशवी एका हाताने धरून दुसऱ्याने भरणं हे दोन्ही हातांच्या समन्वयाचं काम आहे, आणि डाउन सिंड्रोम असलेल्या अनेकांचे स्नायू सैल असल्याने ते लवकर थकवतं. पिशवी बादलीत बसवून तोंड काठावर उलटवलं की दोन्ही हात मोकळे. हा बदल केल्यावर टेबलावरच्या सगळ्यांचाच वेग वाढतो, म्हणून बादल्या सगळ्यांना द्याव्यात. तक्ता आणि पट्टीही सगळ्यांसमोर ठेवावी. एका कोपऱ्यात वेगळं, चित्रांचं टेबल मांडलं तर स्वयंसेवा होत नाही, नुसतं एका खोलीत बसणं होतं.

भरताना क्रम तक्त्यावरच आकड्यांनी दाखवावा: तांदूळ, मीठ, साखर, डाळ, मग तेल, सर्वात वर चहा. पिशवीचं तोंड स्टेपल करू नये. पिन तेलाच्या पिशवीला लागते आणि सगळं क्रेट चिकट होतं. गाठ जमत नसेल तर तार असलेली कागदी पट्टी पिळायला द्यावी.

वजनाची पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते आणि मग समन्वयक प्रत्येक किट उघडून तपासतो. यासारखं हिरमुसवणारं दुसरं काही नाही. स्वतःची तपासणी स्वतःला करता आली पाहिजे. वरच्या किटचं वजन पाहा: कोरडं सामान ५ किलो २५० ग्रॅम, १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम, वेष्टनं धरून एकूण सव्वासहा किलोच्या आसपास. चहा राहिला तर काटा सहा किलोवर, चहा दोनदा पडला तर साडेसहावर. म्हणून १० किलोचा गोल तबकडीचा काटा घ्यावा आणि ६.१५ ते ६.४० या पट्ट्यावर हिरवी चिकटपट्टी लावावी. काटा हिरव्यात आला की किट बरोबर. दशांश वाचता यायची गरज नाही. पट्टी लावण्याआधी नीट भरलेली पाच किट वजन करून पाहावीत, कारण वेष्टनाचं वजन मालागणिक बदलतं, आणि दर सत्राच्या सुरुवातीला रिकामा काटा शून्यावर आहे ना, ते पाहावं.

काट्याला एक चूक कळत नाही. साखर राहिली आणि डाळ दोनदा पडली तरी वजन तेवढंच भरतं, कारण दोन्ही १ किलोच्या. ही चूक फक्त तक्ता पकडतो. म्हणून काटा आहे तर तक्ता कशाला, असं म्हणून तो काढू नये.

छपाई आणि लॅमिनेशन. संकेतस्थळावरून चित्र पीएनजी स्वरूपात उतरवता येतं. पाच सेंटिमीटरच्या चित्राला ५०० पिक्सेल पुरतात. भिंतीवरच्या मोठ्या तक्त्याला मोठं चित्र घ्यावं, नाहीतर कडा खरखरीत छापल्या जातात. कार्ड ६ बाय ९ सेंटिमीटरचं ठेवलं तर ए-फोर कागदावर समासासकट नऊ बसतात. लिबरऑफिस या फुकट लेखन-सॉफ्टवेअरमध्ये तीन बाय तीनचा तक्ता करावा आणि ओळींची उंची पक्की करून टाकावी, नाहीतर चित्र घातल्यावर चौकोन पसरतात. लिबरऑफिसची एक अडचण लक्षात ठेवावी: शैलीमध्ये देवनागरीसाठी फाँट आणि आकार वेगळ्या भागात ठरवावा लागतो. इंग्रजीचा आकार वाढवून मराठी तेवढीच राहिली, की कारण हेच असतं. फाँट युनिकोडच असावा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हीत मात्रा स्वच्छ दिसतात. सुवाच्य मजकुराच्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत अक्षर किमान १४ आकाराचं सांगितलं आहे. देवनागरीत वर-खाली मात्रा आणि उकार येत असल्याने आम्ही २० च्या खाली जाऊ नये असं म्हणू.

इंकजेटवर छापलं तर कागद रात्रभर सुकू द्यावा. पावसाळ्यात तर नक्कीच. ओलसर कागद गरम यंत्रातून गेला की आत वाफ धरते आणि पाउच दुधट होतो किंवा फुगे येतात. आधी कार्डं कापावीत, पाउचमध्ये दोन कार्डांत ६ मिलिमीटर अंतर ठेवून मांडावीत, आणि लॅमिनेशननंतर प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर कड सोडून कापावं. कागदाच्या कडेलाच कात्री लावली तर धान्याच्या किंवा पाण्याच्या टेबलावर दोन सत्रांत पदर सुटतो. पाउच १२५ मायक्रॉनचा. ८० चा वाकतो आणि वेल्क्रो ओढताना दुमडतो. २५० चा सगळ्या यंत्रांत जात नाही आणि कोपरे टोचतात. कोपरे सगळ्याच कार्डांचे गोल करावेत. चकचकीत पाउचवर ट्यूबलाइट चमकते आणि बसलेल्या माणसाला चित्राऐवजी पांढरा पट्टा दिसतो. मॅट पाउच मिळाला तर तोच घ्यावा, नाहीतर पट्टी उभी कलती ठेवावी. वेल्क्रोची खरखरीत बाजू पट्टीवर आणि मऊ कार्डावर, किंवा उलट. पण सगळीकडे एकच पद्धत ठेवावी, नाहीतर एका टेबलाचं कार्ड दुसऱ्या पट्टीवर चिकटत नाही.

पट्टी टेबलावर उभी, वरून खाली वाचायची अशी चांगली. आडव्या पट्टीवर समोरचा हात आणि पाकिटं येतात. खाली “झालं” असं लिहिलेला खिसा. पायरी झाली की कार्ड काढून खिशात टाकायचं. काहींना दर किटला सात कार्डं काढणं म्हणजे कामात अडथळा वाटतो. त्यांना कपड्यांचा चिमटा द्यावा, तो खाली सरकवत नेता येतो.

कार्डावरच्या मराठीकडे फार कमी लक्ष दिलं जातं. “घे, ठेव, बांध” असं लिहिलेली कार्डं सर्रास दिसतात, आणि समोर बसलेले गृहस्थ बेचाळीस वर्षांचे असतात. शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला “काका, हे घ्या” आणि यांना “बाळ, हे घे”. कार्डावर “घ्या, ठेवा, बांधा” लिहावं. टेबलावर बाकीच्यांना दादा, ताई, काका म्हणतात तसंच यांनाही म्हणावं. शब्द बोलण्यातले हवेत: “भरा”, “समाविष्ट करा” नव्हे, “पाहा”, “तपासणी करावी” नव्हे. जोडाक्षरं टाळता येतात तिथे टाळावीत. आकडे मराठी की इंग्रजी, ते स्वयंसेवकांना विचारावं. पाकिटांवर इंग्रजी आकडे असतात आणि बरेच जण तेच ओळखतात.

कामाच्या पट्टीशिवाय तीन कार्डं प्रत्येकाजवळ कायम हवीत: “थोडं थांबतो/थांबते”, “मदत हवी”, “शौचालय”. थांबायचं कार्ड दाखवलं की थांबू द्यायचं, “आधी दोन किट भरा, मग” असं म्हणायचं नाही. ते बक्षीस नाही. मदतीसाठी आरासाकमध्ये चित्रं आहेत, पण दोन माणसं आणि एक हात यातून कोण कुणाला मदत करतंय ते पटकन कळत नाही. इथे साधं पिवळं कोरं कार्ड टेबलावर उभं करायचं ठरवलं तर ते जास्त चालतं. शौचालयासाठी तिथल्याच दाराचा फोटो घ्यावा.

अमूर्त गोष्टींत हा संग्रह सगळीकडेच लंगडा पडतो. याचा मोठा फटका संमतिपत्राला बसतो. काम करतानाचे फोटो संस्था आपल्या पानावर टाकतात आणि परवानगी आईवडिलांकडून घेतात. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रौढ दिव्यांग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीने मान्य केलेली आहे. कायदेशीर पालक नेमलेले असले तरी विचारायचं आधी त्या व्यक्तीलाच. “समाजमाध्यमांवर प्रसिद्धी” याचं चित्रचिन्ह शोधत बसू नये. मोबाइलवर संस्थेचं पान उघडून, आधीचा एखादा फोटो दाखवून विचारावं: “तुमचा असा फोटो इथे लावला तर अनोळखी लोक बघतील. लावायचा की ठेवून द्यायचा?” दोन पर्याय, दोन कार्डं. आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारावं.

सगळी कामं चित्रपट्टीची नसतात. विसर्जन घाटावर निर्माल्य वेगळं करताना हात ओले असतात, ढोल चालू असतात, पट्टी कुणी पाहत नाही. तिथे तीन पिंपांवर खरी वस्तूच बांधावी: एकावर झेंडूचा हार, एकावर प्लॅस्टिकची पिशवी, एकावर कापड. आवाज सहन न होणाऱ्या ऑटिस्टिक स्वयंसेवकांना मुळात घाटाऐवजी दुसऱ्या दिवशीच्या वर्गीकरणाला बोलवावं, तेही त्यांना विचारून. वाचनालयात पुस्तकं लावायला चित्रांपेक्षा कण्यावरची रंगीत पट्टी बरी. ज्यांना रंग ओळखायला अडचण आहे त्यांच्यासाठी पट्टीवर आकारही छापावा.

डिमेन्शिया असलेल्या ज्येष्ठ स्वयंसेवकांच्या बाबतीत आरासाक जपून वापरावं. जाड रेषांची, गोल चेहऱ्यांची चित्रं अनेकांना बालवाडीची वाटतात आणि आयुष्यभर शाळा किंवा दुकान चालवलेल्या माणसाला ते लागतं. सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यात वाचता येणं बऱ्याच जणांचं टिकून असतं. त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांतलं एक वाक्य आणि शेजारी खरा फोटो पुरतो.

परवान्याबद्दल. चित्रं फुकट आहेत, पण अटी आहेत. प्रत्येक कागदावर किंवा संचावर श्रेय छापायचं: चित्रकार सर्जिओ पालाओ, संग्रह आरासाक, मालकी आरागॉन सरकार, आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं (अटी पाळून फुकट वापरू देणाऱ्या परवान्याचं) नाव. व्यापारी उपयोग चालत नाही. म्हणजे टेबलावरची पट्टी चालते, पण निधीसाठी विकायच्या डायऱ्या, पिशव्या किंवा पणत्यांच्या खोक्यांवर ही चित्रं छापता येत नाहीत, पैसे चांगल्या कामाला जाणार असले तरीही. बदल करून केलेला संच दुसऱ्या संस्थेला द्यायचा तर त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. हे चांगलंच आहे, दिलाच पाहिजे. विक्रीच्या वस्तूंवर चित्रं हवी असतील तर मलबेरी हा संग्रह पाहावा. तोही फुकट आहे, त्याचा परवाना विक्रीला परवानगी देतो, पण चिन्हं तीन हजारांच्या घरात असल्याने क्रियापदं कमी पडतात. पैसे भरून मिळणाऱ्या संचांत विजिट आणि बोर्डमेकर ही मोठी नावं. त्यांच्यात पट्ट्या जुळवायची साधनं जास्त सुबक आहेत. आठवड्यातून दोन-तीन सत्रं चालवणाऱ्या संस्थेला मात्र त्या खर्चाची गरज नाही. तेवढ्या पैशांत लॅमिनेशनचं यंत्र, दोन काटे आणि वर्षभराचे पाउच येतात.

सत्र किती वेळाचं, हे पट्टीइतकंच महत्त्वाचं. पहिले चार आठवडे ६० मिनिटं, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी. पुढे ९० पर्यंत. सोबतीला बसणाऱ्याने पहिल्या दोन किटना पट्टीकडे बोट दाखवावं, तोंडाने सांगू नये. तोंडाने सांगितलं की नजर पट्टीवरून सोबत्याच्या चेहऱ्याकडे जाते आणि तिथेच राहते. मग सोबती नसेल त्या दिवशी काम थांबतं. तिसऱ्या किटपासून बोटही आवरावं. चुकीचं पाकीट उचललं गेलं तरी लगेच थांबवू नये, तक्त्यावर ते बसत नाही हे त्यांचं त्यांना दिसू द्यावं.

आणि पट्टी काढायची वेळही येते. अनेकांना काम दोन-तीन आठवड्यांत पाठ होतं, तरी कार्डं समोर राहतात, कारण समन्वयकाला धीर होत नाही. सलग दहा किट पट्टीकडे न पाहता बरोबर भरली गेली की विचारावं, “ही ठेवू की उचलू?” काही जण ठेवा म्हणतील, ठेवावी. उचलली तर फेकू नये. पाकिटावर कामाचं नाव आणि तारीख घालून कपाटात ठेवावी, कारण दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या मोठ्या सुट्टीनंतर पहिल्या पंधरा मिनिटांसाठी ती बऱ्याच जणांना पुन्हा हवी असते.